तातडीच्या वॉर्डातील तीन वर्षे

या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. यावेळचा विषय दवाखान्याचा आहे, पण तो सुरू होतो आपल्या ऊसतोडीच्या तळावर.

2023-24 चा गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका तोडणी मजुराचे नऊ वर्षांचे पोर पहाटे तीनला पोट दुखतंय म्हणून रडत उठले. आम्ही त्या रात्री तळावरच होतो. अंगावर जखम नाही, सूज नाही. ओवा-मीठ द्या, असे आम्हीच सांगितले. चूक आमची. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या मिटू लागल्या, थुंकी गिळता येईना. मग जीप काढली आणि मेडिकल कॉलेजचे रुग्णालय गाठले.

दारातच एका तरुण डॉक्टर मुलीने त्याचे डोळे पाहिले आणि विचारले, "काका, हा जमिनीवर झोपला होता का?" हो म्हणताच तिने आत हाक दिली, "मण्यार!" मण्यारीचे दात बारीक. झोपेत चावली तर कळतही नाही आणि खूणही दिसत नाही. पोट दुखते, पापण्या पडतात, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

आत दोन डॉक्टर होते. एकाने पोराच्या श्वासनलिकेत नळी घातली. ही मुलगी मात्र हात मागे बांधून उभी! आम्हाला रागच आला. नळी बसल्यावर दुसरा पोरगा रबरी पिशवी दाबून श्वास देऊ लागला. सर्पविषावरची लस शिरेतून सुरू झाली. व्हेंटिलेटर मोकळा व्हायला दीड तास गेला, तोवर त्या पोराने हात थांबवला नाही.

दुपारी उलगडा झाला. पिशवी दाबणारा पहिल्या वर्षाचा, नळी घालणारा दुसऱ्या, आणि ती तिसऱ्या वर्षाची. "नळी मी पटकन घातली असती, काका. पण मग तो कधी शिकणार? तिसऱ्या वर्षी हात आवरायला शिकावं लागतं."

एमबीबीएसची साडेपाच वर्षे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. मग प्रवेश परीक्षा देऊन एम.डी.ची तीन वर्षे. तातडीच्या उपचारांचे हे शास्त्र, म्हणजे इमर्जन्सी मेडिसिन, अमेरिकेत 1970 साली सिनसिनाटी विद्यापीठात शिकवू लागले. आपल्याकडे स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती 2009 साली.

पहिले वर्ष पडेल त्या कामाचे. शीर शोधणे, रक्ताचे नमुने पोचवणे, ईसीजी काढणे आणि वाचणे, कागद लिहिणे. नळी घालायची ती भूलतज्ज्ञांच्या हाताखाली, ऑपरेशन थिएटरात शिकायची. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालतो का, रक्ताभिसरण ठीक आहे का, हा क्रम झोपेतही चुकता कामा नये. दुसऱ्या वर्षी गंभीर रुग्ण अंगावर पडतात. अतिदक्षता, हाडांचा, बालकांचा, बाळंतपणाचा अशा विभागांतही पाळ्या होतात. फवारणीचे विष अंगात गेलेला शेतकरी आला, की ॲट्रोपिन किती आणि कुठवर वाढवायचे, हे छातीला नळी लावून ऐकत ठरवायचे.

तिसऱ्या वर्षी सगळी पाळी त्यांच्यावर. कोणाला आधी घ्यायचे ते ठरवायचे, धाकट्यांना शिकवायचे, प्रबंध पुरा करायचा, परीक्षा द्यायची. शिवाय या तीन वर्षांत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची. ती कुठल्या पुस्तकातून शिकलात, असे आम्ही विचारले. ती नुसतीच हसली.

एक गोष्ट सभासदांनी ध्यानात ठेवावी. आपल्या यार्डात गाडी नंबराने गव्हाणीवर जाते. तिथे तसे नाही. लाल, पिवळा, हिरवा असे रंग ठरवतात आणि लाल आधी. त्या दिवशी बोट चेचलेले एक गृहस्थ "मी सकाळपासून बसलोय" म्हणून तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "दादा, तुम्ही ओरडू शकताय, म्हणून थांबवलंय."

पोराचा व्हेंटिलेटर पाचव्या दिवशी निघाला, नवव्या दिवशी घरी सोडले. तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेली होती. आम्ही त्याला जीपने तिथे नेले. वाटेत बाजारातून एक खाट आणि मच्छरदाणी घेतली.