मुहूर्त लग्नाचा, वेळ ताटाची

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी निमंत्रणपत्रिका येऊ लागतात आणि दवाखान्यात एक प्रश्न नेमाने विचारला जातो : ‘डॉक्टर, दोन-तीन दिवस परगावी लग्नाला जायचे आहे. पथ्याचे काय करू?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जिलेबी, मसालेभात आणि तळणीचे पदार्थ असतात. ही काळजी अनाठायी नाही. परंतु परगावच्या लग्नात माणूस काय खातो, यापेक्षा तो केव्हा खातो, यावरच त्याची प्रकृती पुष्कळदा अवलंबून असते. घरी आपले जेवण, औषध, झोप आणि चालणे यांची एक घडी बसलेली असते. लग्नघरी ती घडी मोडते. गोळ्या मात्र सवयीने जुन्याच वेळी घेतल्या जातात.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नानिमित्त आम्ही पुण्याहून कोल्हापुरास गेलो होतो. बरोबर पत्नीचे मामा-मामी आणि पाच महिन्यांची गरोदर असलेली भाची होती. मामांचे वय ७४, मधुमेह जुना. मामींना रक्तदाब. शुक्रवार ते रविवार अशा या मुक्कामात जे पाहिले, खाल्ले आणि निभावले, ते अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

प्रवासातील न घेतलेली गोळी

पुणे ते कोल्हापूर हे अंतर सुमारे २३० किलोमीटर. साताऱ्याच्या पुढे चहासाठी थांबलो तेव्हा मामींनी पाणीसुद्धा घेतले नाही. विचारल्यावर कळले की लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळीही त्यांनी सकाळी टाळली होती. ‘वाटेत स्वच्छतागृह कुठे शोधायचे?’ हे त्यांचे कारण आपल्या घरातील बहुतेक ज्येष्ठ स्त्रियांचे असते आणि त्या ते कोणाला सांगत नाहीत. पाणी तोडल्याने लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ आणि चक्कर यांना आमंत्रण मिळते. गोळी सोडल्याने रक्तदाब वाढतो. यावर उपाय सोपा आहे. प्रवासाच्या दिवशी ही गोळी मुक्कामी पोहोचल्यावर, पण संध्याकाळ होण्यापूर्वी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. दर दोन तासांनी गाडी थांबवण्याचे कुटुंबाने स्वतःहून ठरवावे. त्यामुळे पायांवरची सूजही कमी राहते.

रश्श्याची पारख रंगावरून नको

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने पाऊण तास फिरून रात्री एका खानावळीत जेवलो. तांबडा रस्सा पाहून मामी घाबरल्या आणि त्यांनी वाटी भरभरून पांढरा रस्सा घेतला. असे बहुतेक पाहुणे करतात. तांबडा रस्सा तिखट खरा. त्याने जठराचा व्रण किंवा आम्लपित्त असलेल्यांना त्रास होतो. परंतु पांढरा रस्सा दिसायला सौम्य असला, तरी मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, काजू घालून तो केलेला असतो. स्निग्धांश आणि उष्मांक त्यात भरपूर. शिवाय दोन्ही रश्श्यांत मीठ असते आणि वाढपी वाटी रिकामी राहू देत नाही. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरू नये इतके मीठ पुरेसे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रश्श्याच्या तीन-चार वाट्या, पापड आणि लोणचे यांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून आम्ही नियम केला : दोन्ही रस्से चाखायचे, प्रत्येकी एकच वाटी आणि पापड-लोणच्याला रजा. जेवणाचा आनंद तसूभरही उणावला नाही.

अक्षता पडण्यापूर्वी

शनिवारी लग्न होते. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. मामांनी सकाळी ८ वाजता नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. पण ‘मांडवात जेवायचेच आहे’ म्हणून न्याहारीला फक्त चहा घेतला. वरात उशिरा आली आणि मुहूर्त टळून गेला. एकच्या सुमारास मामा विनाकारण चिडू लागले, मग गप्प झाले. कपाळावर घाम होता. ‘गर्दीत उकडते आहे, थोडे पडू द्या,’ असे भोवतालचे म्हणत होते. मामींनी मला हाक मारली. ग्लुकोमीटरवर साखर ५४ आली.

रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे हे तातडीने उपचार करण्याजोगे लक्षण आहे. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची चिन्हे. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळी चालू असेल, तर थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. मामांचे तसेच झाले होते. अशा माणसाला ‘पडू देणे’ घातक ठरते, कारण झोप समजली जाते ती बेशुद्धीही असू शकते.

लग्नघरात पेढे-बर्फी हाताशी असतात, पण त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यावी. गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर साध्या साखरेचे पचन लांबते. तेथे ग्लुकोज पावडरच हवी. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. ७० च्या वर आली नसेल, तर तोच उपाय पुन्हा करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मामांची साखर पाव तासाने ८२ झाली. वधूकडील मंडळींनी तत्परतेने वरण-भात, भाजी आणि पोळीचे ताट आणून दिले. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर राहतो, म्हणून दुपारी आणि रात्री साखर पुन्हा तपासली. ज्येष्ठांमध्ये ती पुन्हा घसरू शकते. एकदा बरे वाटले म्हणजे संपले, असे मानू नये आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. रक्तदाबाची गोळी घड्याळाशी बांधलेली असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि जेवणापूर्वीचे इन्सुलिन ताटाशी बांधलेले असते. ताट नक्की समोर येणार असेल, तेव्हाच ते घ्यावे. इन्सुलिन गाडीच्या डिकीत किंवा उन्हात कधीही ठेवू नये.

पंगत, बुफे आणि दूध

पंगतीतले अन्न गरम वाढले जाते. बुफेत मात्र भात आणि दुधाचे पदार्थ तासन्‌तास उघडे राहतात. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये. भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. त्यामुळे दुपारचा उरलेला भात रात्री परतून वाढणे योग्य नव्हे. वाफ निघत असलेले पदार्थ आधी घ्यावेत. कोमट बासुंदी आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळून घोट-घोट द्यावे.

संध्याकाळी महालक्ष्मीचे दर्शन घेऊन आम्ही गंगावेशेकडे वळलो. तेथील दूधकट्ट्यावर म्हशीचे दूध डोळ्यांदेखत काढून फेसासह पेल्यात देतात. कुस्तीगिरांच्या या शहराचा तो अभिमान आहे आणि त्या दृश्याचे कौतुक मलाही वाटले. तरीही भाचीला मी ते पिऊ दिले नाही. निरशा दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे रोग पसरू शकतात. गर्भवती, बालके, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी दूध उकळूनच घ्यावे. इतरांनाही तेच श्रेयस्कर.

आधी गड, मग मिसळ

रविवारी सकाळी पन्हाळा पाहिला. कोल्हापुरापासून सुमारे २० किलोमीटरवरचा हा गड. सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत येथूनच विशाळगडाकडे निसटले. धान्य साठवण्याचे भव्य अंबरखाने पाहताना, वेढ्याच्या काळात अन्नाचे नियोजन किती दूरदृष्टीने करावे लागे, हे उमगते. गाडी गडावर जाते, त्यामुळे मामा-मामींनाही सज्जाकोठी आणि तीन दरवाजा पाहता आला.

चढण आणि भरपेट जेवण एकापाठोपाठ नकोत. जेवणानंतर पचनासाठी हृदयाचे काम वाढलेलेच असते. त्यात चढाची भर पडते. जेवून चालताना छातीत जळजळ, दडपण किंवा जबड्यात, डाव्या हातात कळ आली, तर तिखटाला दोष देत बसू नये. लगेच थांबावे आणि ईसीजी काढून घ्यावा. म्हणून गड आधी आणि मिसळ नंतर, असा क्रम आम्ही ठेवला. कोल्हापुरी मिसळीतील मोड आलेली मटकी ही प्रथिने आणि तंतूंची उत्तम जोड आहे. हात आखडावा तो कट, फरसाण आणि ब्रेडच्या बाबतीत. मामांनी एक स्लाइस घेतला आणि मटकी दोनदा मागितली. त्या दिवशी गोळी मिसळ समोर आल्यावर घेतली गेली.

यजमानांना एक विनंती करावीशी वाटते. पत्रिकेवर मुहूर्ताची वेळ ठळक छापतोच. त्याच्याबरोबर ज्येष्ठ आणि मधुमेही पाहुण्यांसाठी मुहूर्तापूर्वी साध्या अल्पोपहाराची सोय करावी आणि मुहूर्त लांबल्यास त्यांची पाने आधी वाढावीत. पाहुण्यांनीही संकोच सोडून ‘मला आधी थोडे खावे लागते’ असे स्पष्ट सांगावे. प्रत्येक कुटुंबाने एका तरुण सदस्याकडे औषधांची पिशवी सोपवावी. त्यात दोन दिवस अधिक पुरतील इतक्या गोळ्या, औषधांच्या नावांची चिठ्ठी, ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडर आणि ओआरएस असावे. ही पिशवी मुक्कामाच्या खोलीत न ठेवता मांडवात सोबत न्यावी.