खासबागेची हस्तपत्रके

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाविषयी लिहू लागले की लेखणी आपोआप राजर्षी शाहू महाराजांकडे वळते, आणि ते यथायोग्यच आहे. 1902 साली महाराज विलायतेच्या प्रवासात रोमला गेले, तेथील प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिले. आणि 1912 साली शहराच्या ऐन मध्यवस्तीत हे गोल मैदान खुले झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौद, भोवती चढत गेलेली बैठक. कोणी कोठेही बसला तरी पुढच्याचा फेटा आड येत नाही. आरंभीच इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन ह्या नामांकित मल्लांची लढत झाली व इमामबक्षने ती मारली. हे सारे पुस्तकांत आहे. मला सांगायचे आहे ते पुस्तकांत न गेलेल्या कागदांविषयी.

मैदान ठरले की हस्तपत्रके निघत. पातळ, रंगीत कागद. वर ठळक अक्षरांत ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’, खाली समोरासमोर दोन मल्लांची छायाचित्रे, मग जोडी, वस्ताद, तालीम, इनाम आणि तिकिटाचे दर. माझे मामा निपाणीचे. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले, तेव्हापासून त्या बाजूच्या माणसाला खासबाग आपल्या परड्यासारखीच वाटू लागली! मामा पत्रक चौघडी करून टोपीत ठेवीत आणि कुस्ती सुटली की त्यावर पेन्सिल चालवीत.

आता हा संग्रह लोंढ्यास माझ्या घरी आहे. आमच्या गावाला लोक जंक्शन म्हणून ओळखतात, गाडी बदलतात आणि पुढे जातात. पण येथला पाऊस ज्याने काढला त्याला ठाऊक आहे की श्रावणात येथे मिठाचेसुद्धा पाणी होते. कागदाची काय कथा! पत्र्याच्या ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून मी ती पत्रके राखली आहेत.

जुनी पत्रके जमवणाऱ्यांत कोऱ्या, न दुमडलेल्या पत्रकाला मान असतो. मला ते पटत नाही. पत्रक हा नुसता वायदा आहे. मामा म्हणत, “अरे, कागद सांगतो कुस्ती ठरली म्हणून. झाली काय, ते मातीला विचार.” छापील ओळीपुढे त्यांनी कोठे ‘चीतपट’ लिहिले आहे, कोठे ‘बरोबरीत’, आणि एका ठिकाणी रागाने ‘नुसती खडाखडी’. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर प्रेक्षक छापील पत्रिका विकत घेऊन खेळाची नोंद स्वतःच करतात, व त्या पत्रिका पुढे शौकिनांच्या संग्रहात जातात. तेथे निदान नोंदीसाठी चौकटी आखलेल्या असतात. आमच्या मामांना समासावरच भागवावे लागे.

आता जाहिराती फ्लेक्सवर आणि मोबाईलवर येतात. मैदान संपले की फ्लेक्स कोणाच्या तरी गोठ्यावर जातो. त्याचे निदान छप्पर होते, हेही कमी नव्हे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री मैदानाला लागूनच असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले, तेव्हा दगडी भिंतींची ही गत, तर आमच्या पातळ कागदांचे काय, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. ज्यांच्या माळ्यावर अशी पत्रके असतील त्यांनी रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकदा उलटून पाहावीत, एवढीच विनंती.

मोठ्या जोडींची नावे कोणीतरी सांगेल. परंतु पत्रकाच्या तळाशी बहुधा एक ओळ असते: लहानमोठ्या कुस्त्या मैदानावर जोडल्या जातील. खेड्यांतून चालत आलेली, नारळावर नाहीतर चार आण्यांवर लढणारी ती पोरे. त्यांचे नाव छापायला कोणाला सवड होती? एका पत्रकावर त्या ओळीखाली मामांनी सात नावे लिहिली आहेत, गावांसह. त्यांतली पाच मी वहीत उतरवून घेतली. दोन ओलीने पसरली आहेत. भिंग लावूनही लागत नाहीत.