हात शिकला, हेन्रीला पत्ताच नाही!

आरशात बघून चांदणी गिरवलीय कधी? कागदावर एका मोठ्या चांदणीच्या आत छोटी चांदणी काढायची. हात आणि कागद पुठ्ठ्याआड लपवायचे, समोर आरसा ठेवायचा आणि फक्त आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पेन्सिल भलतीकडेच पळते! सराव केला की मग हळूहळू जमतं.

अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनलाही तीन दिवसांत छान जमलं. पण कागद पुढे आला की दरवेळी त्याला वाटायचं, हे आपण पहिल्यांदाच करतोय! हात शिकला होता, हेन्रीला मात्र पत्ताच नव्हता.

असं कसं? हेन्रीला लहानपणापासून आकडी यायची, औषधांनी ती थांबेना. म्हणून १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा काही भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचाही बराच भाग गेला. नव्या आठवणी पक्क्या करायचं काम हा भाग करतो, हे तेव्हा नीट माहीतच नव्हतं! आकडी खूप कमी झाली, पण नवी आठवण टिकेना. संशोधक ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या, तरी त्यांना प्रत्येक वेळी आपली ओळख नव्याने करून द्यावी लागे. लहानपणच्या गोष्टी मात्र तो सांगायचा. शब्दकोडी तर त्याला फार आवडायची. एखादा आकडा सांगितला तर घोकून घोकून धरून ठेवायचा. मध्येच कुणी बोललं की आकडा गेला, आणि आकडा सांगितला होता हेही गेलं.

म्हणजे सायकल चालवण्याची आठवण मेंदू एका तऱ्हेने जपतो आणि काल काय जेवलो याची दुसऱ्या. मला तर हे फार थक्क करणारं वाटतं.

हेन्रीला झाला तो स्मृतिलोप. त्याचा आणखी एक प्रकार असतो, त्यात जुन्या आठवणी पुसल्या जातात. अपघातात डोक्याला मार बसला की त्याआधीची काही मिनिटं किंवा काही दिवसच आठवत नाहीत. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, मेंदूला सूज आली किंवा बी-१ जीवनसत्त्व फारच कमी पडलं, तरीही आठवणींवर घाला येतो. आणि सिनेमात डोक्यावर दुसरा फटका बसताच सगळं आठवतं ना? ते साफ खोटं! दुसऱ्या फटक्याने इजा वाढते.

हेन्री २००८ मध्ये, ८२ व्या वर्षी वारला. तोवर जगाला तो फक्त ‘एच. एम.’ म्हणून माहीत होता. त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी जपून ठेवले आहेत.