शहाबादी फरशी आणि बॉयलरचं पाणी

स्वयंपाकघरातल्या शहाबादी ओट्यावर लिंबू चिरलं आणि रस पुसायचा राहिला, की तिथे पांढुरका डाग पडतो. कितीही घासा, तो जात नाही. कारण तो बाहेरून लागलेला नसतोच. आंबट रसाने तेवढा दगड खाल्लेला असतो. शहाबादी म्हणजे चुनखडक. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, चित्तापूर, सेडम या भागात तो जमिनीखाली थरांनी पसरलेला आहे, आणि वाडी, मळखेड, सेडमचे सिमेंट कारखाने त्याच्याच जिवावर चालतात.

पावसाचं पाणीही किंचित आंबट असतं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायॉक्साइड त्यात मुरतो, आणि असं पाणी चुनखडकातून झिरपताना लिंबाचंच काम सावकाश करतं. चुना पोटात घेऊन ते विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. मग डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आपण त्याला जड पाणी म्हणतो. उत्तरेला बिदरच्या पठारावर मात्र जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना केव्हाच धुऊन नेला, लोखंड मागे राहिलं. बिदरच्या किल्ल्याच्या तटाची लाली त्याच लोखंडाची. जांभ्यातून आलेलं पाणी हलकं असतं. म्हणजे बॉयलरला बिदरचं पाणी चांगलं आणि कलबुर्गीचं वाईट, असं कोणालाही वाटेल. ते अर्धंच खरं आहे.

भालकी, हुमनाबाद, आळंद, अफझलपूर या उसाच्या तालुक्यांत गळीत हंगामाआधी साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका येतात. पूजा होते, भट्टीत पहिला अग्नी पडतो, फोटो छापून येतो. बॉयलरचं पाणी रोज तपासणारा केमिस्ट त्या फोटोत सहसा नसतो. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. बॉयलरचं आयुष्य आगीपेक्षा पाण्यावर जास्त अवलंबून असतं.

मीठ, साखर गरम पाण्यात जास्त विरघळतात. चुन्याचं उलटं. तो पाण्यात टिकून राहतो कार्बन डायॉक्साइडच्या आधारावर. पाणी तापलं की हा वायू निसटतो आणि चुना बॉयलरच्या नळीला आतून चिकटतो. घरच्या गिझरच्या कॉइलवरचं पांढरं कवच हेच. पोलादाच्या मानाने हा थर विसेक पट कमी उष्णता जाऊ देतो. बाहेर आग धडधडते, आतलं पाणी ती उष्णता नीट खेचून घेऊ शकत नाही, मधल्या मध्ये नळी लाल होते, मऊ पडते, फुगते आणि शेवटी फुटते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम जडपणा भारतीय मानकाला चालतो; जास्त दाबाच्या बॉयलरला तो जवळजवळ शून्य लागतो. म्हणून पाणी आधी सॉफ्टनरमधून काढतात. त्यातले रेझिनचे बारीक मणी चुन्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करायचे.

पण हलक्या पाण्यातही हवा असतेच. 25 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मुरलेला असतो. चुन्याचा थर नळीभर पसरतो, प्राणवायू एकेक जागा धरून पोखरतो. नळीत लालसर फोड दिसतो. तो टोकरला की खाली काळी भुकटी, आणि भुकटीखाली खोल खड्डा. बाकीची नळी धडधाकट, आणि एवढ्याशा भोकापायी ती निकामी. यावर उपाय म्हणजे पाणी बॉयलरमध्ये जाण्याआधीच वाफेने उकळीपर्यंत तापवून हवा हुसकून लावायची. उरलासुरला प्राणवायू सोडियम सल्फाइट टिपून घेतं. 1 ग्रॅम प्राणवायूला सुमारे 8 ग्रॅम लागतं.

साखर कारखान्यात आणखी एक धोका असतो. रस आटवताना दिलेल्या वाफेचं पाणी होतं, ते पुन्हा बॉयलरला देतात. ते शुद्ध असतं, पण रस आटवणाऱ्या भांड्यातली एखादी नळी गळली तर त्यात रस मिसळतो. बॉयलरच्या उष्णतेने साखरेचं आम्ल होतं आणि पोलाद झिजू लागतं. म्हणून केमिस्ट परीक्षानळीत ते पाणी घेतो, अल्फा-नॅफ्थॉलचे काही थेंब टाकतो आणि कडेकडेने हळूच तीव्र गंधकाम्ल सोडतो. दोन द्रवांच्या सीमेवर जांभळी कडी उमटली, की पाण्यात साखर आहे. ते पाणी ताबडतोब बाजूला वळवायचं.

हंगाम संपला की बॉयलर कित्येक महिने गार पडून राहतो, तेही ऐन पावसाळ्यात. बंद बॉयलरमध्ये ओल आणि हवा एकत्र आली की चालू बॉयलरपेक्षाही जोरात गंज धरतो. तेव्हा एकतर तो सल्फाइट घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवतात, किंवा पूर्ण कोरडा करून त्याच्या ड्रममध्ये ताटांत चुनकळी मांडतात आणि झाकणं घट्ट लावतात. चुनखडक भाजून केलेली ही चुनकळी आतली ओल पिऊन घेते. हंगामाआधी झाकण उघडावं तर टणक खड्यांची पिठासारखी पांढरी भुकटी झालेली असते. एकूण एक ताट बाहेर काढून ड्रम स्वच्छ पुसायचा, आणि मगच पाणी भरायला घ्यायचं.