सोलरचे बूट आणि आमचे आबाजी



या वेळच्या भित्तिपत्रकातला विज्ञानाचा कोपरा सरांनी माझ्याकडे दिला. विषय मीच निवडला, तो म्हणजे उन्हापासून वीज तयार करून मोबाइल चार्ज करणारे बूट. विषय ऐकून वर्गातली पोट्टी खो खो हसली. म्हणून मी हा विषय का घेतला, ते आधी सांगते.

आमचे आबाजी रोज बकऱ्या घेऊन मोहगाव झिल्पीकडच्या टेकड्यांवर जातात. सकाळी भाकर बांधून निघतात, ते दिवेलागणीला परत येतात. त्यांच्या खिशात बटनांचा साधा फोन असतो. गेल्या जून महिन्यात वादळाने तारा तुटल्या आणि आमच्याकडे दोन दिवस लाइन नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बकऱ्या घरी आल्या, पण आबाजी आले नाहीत. फोन लावला तर बंद. बाबा, काका आणि शेजारचे चार जण टॉर्च घेऊन निघाले. आई दारातच उभी होती. रात्री नऊच्या सुमारास आबाजी एका नाल्याच्या काठी सापडले. पाय मुरगळला होता, उठता येत नव्हते. घरी आल्यावर म्हणाले, "फोन खिशातच होता बाप्पा, पन त्याच्यातच जीव नोता."

पुढे एकदा परिपाठात सरांनी एक माहिती सांगितली. इंदूरच्या आयआयटीने सैनिकांसाठी खास बूट तयार केले आणि २०२४ साली त्याचे दहा जोड संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओ या संस्थेला दिले. ते बूट घालून चालले की वीज तयार होते, आणि सैनिक कुठे आहे तेही कळते. हे ऐकून मला वाटले, आपल्या विदर्भात तर उन्हाला तोटा नाही. आबाजींच्या बुटावरच सोलरची पाटी बसवली तर? दिवसभर ते उन्हातच चालतात. फोन कधी बंदच पडणार नाही.

घरी सांगितले तर आबाजी म्हणाले, "काहून वं पोरी, माह्या पायातून लाइन काढतं काय तू?"

आता सोलरची पाटी वीज कशी करते ते पाहू. वाळूत जो सिलिकॉन नावाचा पदार्थ असतो, तो शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या करतात. चकतीच्या दोन थरांत दोन वेगवेगळे पदार्थ अगदी थोडे मिसळतात. ऊन पडले की आतले इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण सुटे होतात आणि एकाच दिशेने ढकलले जातात. इलेक्ट्रॉनचे वाहणे म्हणजेच वीज. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली अशी पहिली कामाची चकती झाली. ती उन्हातल्या १०० भागांपैकी फक्त ६ भागांची वीज करीत असे. आजच्या चांगल्या पाट्या सुमारे २० भागांची करतात. नागपूर मेट्रोच्या स्थानकांच्या छपरांवर अशाच पाट्या आहेत.

आता थोडे गणित. घाबरू नका, पाचवीच्या मुलांनाही जमेल.

दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. पाटी त्यातले २०० वॅट देईल. बुटाच्या वरची जागा मी पट्टीने मोजली. पाटी बसेल अशी जागा १० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद निघाली, म्हणजे ५० चौरस सेंटिमीटर. एक चौरस मीटरमध्ये असे २०० तुकडे बसतात. म्हणून एका बुटाला १ वॅट आणि जोडीला २ वॅट. आबाजींच्या फोनची बॅटरी ३.७ वॅट-तासांची आहे, म्हणजे १ वॅटने भरली तर तिला ३.७ तास लागतील. २ वॅट मिळाले तर दोन तासांतच काम! मी खूश झाले. पण सर म्हणाले, "कागदावरचा बूट चालत नाही. मैदानात चल."

मग नोव्हेंबरात दुपारी बारा वाजता आम्ही चौघांनी प्रयोग केला. विज्ञानपेटीतली छोटी पाटी घेतली आणि विद्युतप्रवाह मोजायला सरांचा मीटर घेतला. पाटी बरोबर सूर्याकडे तोंड करून धरली, तेव्हा मीटरवर १०० आकडा आला. तीच पाटी टोपीवर आडवी ठेवली, तर ७५. बुटावर बांधून सूर्याकडे तोंड करून उभे राहिले, तर ६०. सूर्याकडे पाठ केली, तर एकदम १०! आणि चालायला लागले तर आकडा सारखा १० ते ६० मध्ये नाचत राहिला. आम्ही पुष्कळ वेळा वाचून सरासरी काढली, ती २५ आली. नंतर मैदानाला एक चक्कर मारली. पाटीवर धूळ बसली आणि आकडा आणखी खाली आला. ओल्या फडक्याने पुसल्यावर परत वर गेला.

असे का झाले? त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण तिरपेपणा. ऊन पाटीवर सरळ पडले तर पुष्कळ मिळते, तिरपे पडले तर कमी मिळते. आपल्याकडे २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पण हिवाळ्यात तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून नोव्हेंबरात आडव्या पाटीला १०० ऐवजी ७५ मिळाले. बूट तर पुढे उतरता असतो आणि चालताना दर पावलाला त्याचे तोंड बदलते.

दुसरे कारण सावली. पायावर आपल्याच शरीराची सावली पडते. पाटीतल्या चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. विहिरीवरून हातोहात बादल्या देणारी पोरांची रांग डोळ्यांसमोर आणा. मधला एक जण थांबला तर सगळी रांग थांबते. तसेच एका चकतीवर दाट सावली आली तरी बाकीच्यांचेही काम अडते.

तिसरे कारण धूळ, चिखल आणि वाकणे. एक किलोमीटर चालायला मोठ्या माणसाला साधारण १४०० पावले लागतात. आबाजी दिवसाला दहा किलोमीटर चालले तरी प्रत्येक बूट ७००० वेळा वाकेल. त्यातली तार किती दिवस टिकणार?

आता खरा हिशेब करू. १०० पैकी २५ म्हणजे पाव हिस्सा. जोडीचे २ वॅट नाहीत, अर्धा वॅट मिळेल. त्यावर आबाजींचा साधा फोन भरायला साडेसात तास लागतील, आणि वीज वाया जाते ती धरली तर आणखी जास्त. मोठ्या फोनची बॅटरी साधारण साडेअठरा वॅट-तासांची असते. त्याला ३७ तासांवर चालावे लागेल! म्हणजे सोलरचा बूट अगदीच खोटा नाही, पण पाय ही उन्हासाठी चुकीची जागा आहे.

मग इंदूरचे बूट कसे चालतात? त्यांना ऊन लागतच नाही. केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून चिकटतात, हे आपण वर्गात पाहिले आहे. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना लागून सुटले की त्यांवर विद्युतभार तयार होतो. त्या बुटांच्या तळव्यात असेच थर आहेत. पाऊल पडले की थर टेकतात, उचलले की सुटतात आणि थोडीथोडी वीज होते. पायाला ऊन नीट मिळत नाही, पण दाब दर पावलाला मिळतो. इंग्लंडचे संशोधक ट्रेव्हर बेलिस यांनी २००० साली हाच दाब वापरला. चालण्यावर वीज करणारे बूट घालून ते आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात सुमारे १६० किलोमीटर चालले आणि त्या विजेवर मोबाइल चार्ज केला. वाळवंटात ऊन भरपूर, तरी त्यांनी बुटासाठी ऊन घेतले नाही, पाऊल घेतले.

आपल्या शेजारच्या वर्ध्यात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिथे सोलर चरख्यावर काम झाले. तिथल्या सौर ऊर्जेवर चालणाऱ्या जॅकेटच्या बातम्याही २०१६ साली आल्या होत्या. अंगात घालायचेच असेल तर बुटापेक्षा जॅकेट बरे, कारण खांद्यावर आणि पाठीवर ऊन जास्त मिळते.

म्हणून मी ठरवले की पाटी आबाजींच्या टोपीवर बसवायची. आबाजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "डोक्यावर पाटी पाहून लोक हासतीन मले. मी दुपारी दोन घंटे पयसाखाली बसतो. तवा ते पाटी उनात ठेवली तं नाई चालत का? आंगावर घेऊन कायले फिरवाची?"

मी आणि सर एकमेकांकडे पाहतच राहिलो. एवढे गणित केले, पण हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. आणि ही युक्ती अगदी बरोबर आहे. मुंबईच्या आयआयटीने २०१४ साली सुरू केलेल्या योजनेत खेड्यांतल्या लाखो विद्यार्थ्यांना सोलरचे अभ्यासदिवे मिळाले. त्यांतही तेच आहे. दिवसा उन्हात ठेवायचा, रात्री लावायचा. पाटीला चालायची गरज नसते, तिला फक्त ऊन लागते.

काकांनी नागपूरहून ५ वॅटची, वहीएवढी पाटी आणली. पहिल्याच दिवशी एका बकरीने तिची तार चावली! आता आबाजी पाटी उंच दगडावर सूर्याकडे कलती करून ठेवतात. दोन तासांत फोन भरतो. पावसाळ्यात ढग असले की वीज फार कमी मिळते. म्हणून ऊन असेल तेव्हा पॉवर बँक भरून ठेवायची आणि ती पिशवीतच राहू द्यायची, असे आम्ही ठरवले आहे.

मित्रांनो, तुम्ही असा प्रयोग केला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. उघड्या तारा जोडून पाटी थेट फोनला लावू नका, फोन खराब होईल. ५ व्होल्टचे यूएसबी तोंड असलेलीच पाटी घ्या. आणि फोन किंवा पॉवर बँक उन्हात ठेवू नका. पाटी उन्हात आणि बॅटरी सावलीत.

पालकांनाही एक विनंती आहे. रानात एकटे जाणाऱ्या माणसाचा फोन भरलेला आहे की नाही, हे घरातल्या कोणीतरी सकाळी पाहावे. आमच्या घरी आता ते काम माझ्याकडे आहे. आबाजी निघताना मी विचारते, "आबाजी, जीव आहे ना?" ते खिशावर हात मारून म्हणतात, "हाय वं बाप्पा, दोघातयी हाय!"

लेखात काही चूक असल्यास सरांना किंवा मला जरूर सांगावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी