मोठा आकडा काढू नकोस

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या पावसाच्या जुन्या नोंदी संगणकावर चढवायचे खूळ गेल्या पावसाळ्यात माझ्या डोक्यात शिरले. रोह्याची माझी भाची संगणकाच्या कामातली. ती म्हणाली, "मामा, तुम्ही नोंदी द्या, प्रोग्राम मी आणि माझा मदतनीस लिहितो." हा मदतनीस म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. साध्या भाषेत काम सांगायचे, की तो प्रोग्राम लिहून मोकळा!

पहिला तक्ता अर्ध्या तासात तयार झाला. पाहतो तर मृगाचा पाऊस ६ जुलैला! वहीत ०७/०६ असे होते; या पठ्ठ्याने अमेरिकन रीतीने महिना आधी वाचला. १३ तारखेपासून पुढे मात्र सारे बरोबर. दुष्काळात तेरावा महिना आपल्याकडे असतो, संगणकाकडे नसतो.

त्याहून वाईट पुढेच होते. वहीत जिथे नोंदच नव्हती, तिथे त्याने शून्य भरले. ऐन जुलैत रोहा कोरडा ठणठणीत! आणि जे आकडे फारच मोठे, ते चूक समजून वगळले. त्यात १९८९ च्या जुलैमधलाही एक गेला, अंबा नदीच्या पुराने नागोठणे आणि वर जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले तेव्हाचा. या हिशेबाने २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटरही केरात गेले असते. कोकणात मोठा आकडा ही चूक नसते, कित्येकदा तीच खरी नोंद असते.

भाचीने त्याला समजावले, त्याने मानलेही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कालचे बोलणे तो विसरला होता. म्हणून कायमचे नियम लिहून ठेवायचे. कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड या सर्वांत तशी सोय आहे. कामाच्या फोल्डरमध्ये नियमांची एक फाईल ठेवली, की काम सुरू करताना ती आधी वाचली जाते.

मी उत्साहाने पहिला नियम सांगितला, "नोंदी काळजीपूर्वक हाताळ." भाची हसली. "मामा, हे कुणालाही सांगता येईल. तुम्हाला जे ठाऊक आहे आणि त्याला नाही, ते सांगा."

मग सुचत गेले. तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच वाच. रिकामी जागा रिकामीच ठेव. मोठा आकडा काढू नकोस, खूण कर आणि विचार. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा रात्रीची सर दुसऱ्या तारखेत धर. जुन्या पानांवरचा 'कुलाबा' म्हणजे आपला जिल्हा, १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे आकडे त्यात मिसळू नकोस. मूळ फाईलला हात लावू नकोस.

नियम तिसाच्या वर गेले तसा तो काही विसरू लागला. माणसासारखेच म्हणायचे! भाचीने दहाच ठेवले. शिवाय नियम सांगितला म्हणजे पाळला गेलाच असे नाही, म्हणून तिने एक छोटी तपासणी जोडली: आधी आणि नंतर रिकाम्या जागा मोजायच्या, संख्या जुळली नाही तर काम तिथेच थांबवायचे.

परवा पडद्यावर प्रश्न आला. जुलै १९८९ चा आकडा नेहमीपेक्षा फार मोठा आहे, ठेवायचा का? मी वहीचे पान काढून पुन्हा ताडून पाहिले.

"ठेव म्हणून सांग," मी भाचीला म्हणालो.