गाल कापल्यावर पुढे काय?

वस्तीतला बिगारी काम करणारा एक भाऊ ऑपरेशनची तारीख सोडून घरी निघून आला. गुटख्याने गालात आतून कॅन्सर झालेला. डॉक्टर म्हणाले होते, छातीचं मांस गालाला लावू. त्याला वाटलं, आता छातीलाही भोक पाडणार. वॉर्डात नीट समजावून सांगायला कुणाला सवड नव्हती. दीड महिना तसाच गेला. म्हणून हे लिहीत आहोत.

कॅन्सरचा कण राहू नये म्हणून गाठीभोवतीचा चांगला भागही थोडा काढावा लागतो. गाठ मोठी असली की गालाला आरपार भोक पडतं, कधी जबड्याचं हाड जातं. तसंच सोडलं तर लाळ गळते, घास बाहेर येतो, बोललेलं कळत नाही. म्हणून आपल्याच अंगाचा दुसरीकडचा तुकडा तिथे बसवतात. त्याला फ्लॅप म्हणतात.

छातीचा फ्लॅप रक्तवाहिनी न तोडता, मानेच्या कातडीखालून वर घेतात. छातीची जखम ओढून शिवतात, भोक राहत नाही. (पुरुषांच्या गालात मग आतून केस येऊ शकतात, घाबरू नका.) मनगटाजवळची कातडी किंवा मांडीचं मांस घेतलं, तर त्याची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात. जबड्यासाठी नडगीशेजारचं बारीक हाड घेतात. अंगाचा भार नडगीवर असतो, त्यामुळे माणूस पुन्हा चालतो.

पहिले दोन-तीन दिवस नर्स रात्रीही सारखी फ्लॅपचा रंग बघते. झोपमोड होते म्हणून तिच्याशी भांडू नका. फ्लॅप काळानिळा किंवा पांढराफटक पडला तर लगेच पुन्हा थिएटरात न्यावं लागतं. उशीर झाला तर तो मरतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. तरी आम्हाला ड्युटीवर पेशंटच्या उशीखाली पुडी सापडलेली आहे. आणि विहारात पाचवं शील घेताना कितीजणींच्या दाढेत मिश्री असते, हेही एकदा आपसात बोलू या.

नाकातल्या नळीतून जेवण, मग तोंड उघडायचे व्यायाम. शेक सांगितला असेल तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा.

सही करण्याआधी विचारा: तुकडा कुठून घेणार, हाड जाणार का, नळी किती दिवस? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

तो भाऊ समजावल्यावर परत दवाखान्यात गेला. तोवर गाठ जबड्याला चिकटली होती. पायाचं हाड बसवावं लागलं. आता मऊ वरणभात खातो. भाकरी अजून जमत नाही.